आतल्या बाजूची किल्ली

लालबाग, मुंबई
५ फेब्रुवारी २०२४

प्रिय अण्णा,

पाया पडते. तुझं कंबरडं कसं आहे ते आधी लिही. वॉकर धरून पडवीपर्यंत जातोस, की अजून खाटेवरूनच सगळ्यांना शिव्या घालतोस? वहिनीला माझा नमस्कार सांग, तीच तुला सहन करू जाणे.

काम आहे म्हणून लिहितेय. फोन केला असता, पण तुला ऐकू जात नाही, आणि तुझ्यासाठी मी ओरडले की अख्ख्या गॅलरीला माझ्या घरच्या बातम्या कळतात. मिलमध्ये मागांच्या खडखडाटात तुझे कान गेले, त्यामुळे या वयातही मला भावाची पत्रं येतात. तेवढंच माझं सुख.

आपल्या दारातलं कुलूप आठवतं का? लोखंडी पेटीचं, त्र्याण्णवच्या दंगलीत तू बसवलेलं. पितळेची मोठी किल्ली, आतूनही चालते आणि बाहेरूनही. दंगल निवली तशी ती किल्ली देवाच्या फोटोमागे गेली ती गेलीच. आपल्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही, हे मी तुला काय सांगायचं. जरा दार लोटलं तर लोक येऊन विचारतात, कोण आजारी आहे का. बाहेर जाताना मी टाळं लावते आणि घरात असलो की झोपताना आतली कडी. पण आतली कडी निखळलीय. लाकूड भुसभुशीत झालंय, स्क्रू धरत नाहीत. म्हणून म्हटलं तुझं कुलूप वापरात आणावं.

तर किल्ली अर्धी जाते आणि रुसते. जोर लावला की आत जाते, पण फिरत नाही. मी बत्त्याने ठोकली तर किल्लीच वाकली. मग वाटीभर खोबरेल ओतलं. सुरुवातीला छान फिरली आणि आता पहिल्यापेक्षा घट्ट. कुलूपवाल्याला बोलावता येत नाही. घरात परका माणूस आलेला हितेंद्रला चालत नाही. मी बघतो म्हणतो आणि बघत नाही.

मला ते आतून झटकन लागायला हवंय. एका हाताने. काय करायचं ते सविस्तर लिही. आणि उत्तर शेजारच्या कमलच्या नावावर पाठव, आमची जिन्याखालची पत्रपेटी मोडलीय.

हितेंद्र बरा आहे. ऑफिस, मंडळ, नेहमीचं. रुपाली परळच्या लॅबमध्ये काउंटरवर असते ना, ती सध्या रजेवर आहे. मोरीत घसरली आणि खांदा निखळला. सून चांगली मिळालीय मला, पण नशिबाला घसरायची सवय.

तुझी सुभा


कणकवली
१२ फेब्रुवारी

बाय सुभा,

खोबरेल. आणि तेही वाटीभर. काय गो, ते कुलूप आहे, माझं टक्कल नव्हे.

नीट वाच. तेल घातलं की कुलूप काही दिवस गोड बोलतं. मग तेच तेल धूळ धरतं. लालबागची धूळ म्हणजे रस्त्याच्या कामाचं सिमेंट आणि खाली मसाल्याच्या गल्लीतली तिखटाची पूड. त्याचा आत चिखल झालाय. त्यात थंडीत खोबरेल गोठतं, हे तुला बाटलीकडे बघूनसुद्धा कळलं नाही? कुलपाला ओलं काही घालायचं नसतं. कोरडं घालायचं.

आधी चिखल काढ. कमलच्या नवऱ्याच्या, शिवाच्या स्कूटरमधून चमचाभर पेट्रोल माग आणि किल्लीच्या भोकात सोड. किल्ली आतबाहेर कर, फडक्याला पूस, परत घाल. फडक्याला काळं लागायचं थांबेपर्यंत हेच. दार सताड उघडं ठेव आणि गॅस पेटवू नकोस, नाहीतर कुलपाबरोबर चाळ जाईल. मग दिवसभर सुकू दे. सुकलं की चित्रकलेची मऊ शिसपेन्सिल आण. तिचं शिसं ब्लेडने किसून पिठासारखं बारीक कर. कागदाची नळी करून ती पूड भोकात फुंक, थोडी किल्लीच्या दातांना चोळ आणि किल्ली हळूहळू फिरव. दुकानात ग्राफाइट पावडरची लहान पिचकारी मिळते, तीही हीच पूड, पण पेन्सिलीने भागतं. वाकलेली किल्ली सपाट दगडावर ठेवून लाकडाच्या तुकड्याने हलक्या हाताने सरळ कर. बत्ता स्वयंपाकाला ठेव.

तरीही अडली तर दार जरा वर उचलून धर आणि फिरव. फिरली तर कुलूप निर्दोष आहे, दार उतरलंय.

बाकी मला सगळं कळलं हो. तरुण नवरा-बायको, एकच खोली, त्यात सासू आणि सताड उघडं दार. रुपालीला दार लावून घ्यायचं असेल तर तसं लिहावं, लाजायचं काय त्यात. तू आपली दुपारी कमलकडे टीव्ही बघायला जाऊन बस. ‘झटकन आणि एका हाताने’ हे वाचून वहिनी पदर तोंडाला लावून हसली.

एक गोष्ट मात्र जमत नाही. ती कडीही मीच बसवली होती आणि ते लाकूड साग आहे. सागाला एवढ्यात काही होत नाही. स्क्रू कसे निघालेत ते बघून लिही.

अण्णा


लालबाग
२० फेब्रुवारी

प्रिय अण्णा,

वहिनी हसली ना? बरं झालं. तसंच समज.

तू सांगितलंस तस्सं केलं. शिवाने पेट्रोल दिलं, कशाला हवं म्हणून विचारलं नाही. हितेंद्र ऑफिसला गेल्यावर मी आणि रुपाली दाराशीच बसलो. फडकं काय काळं झालं म्हणून सांगू, आणि त्याला चक्क मिरचीचा वास. दुसऱ्या दिवशी रुपालीने एका हाताने पेन्सिली किसल्या, मी नळी करून फुंकलं, तर अर्धी पूड उलटी माझ्याच तोंडावर आली. मला मिशा फुटल्या म्हणून ती जी हसायला लागली ती थांबेचना. लग्न होऊन आल्यापासून मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. आणि अण्णा, किल्ली गेली. फिरली. टक् असा आवाज झाला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

पण तू म्हणालास तसं दार उतरलंय. ते खांद्याने वर उचलावं लागतं, मग खटका चौकटीत जातो. घाईत ते जमायचं नाही. त्यावर काय करू? आणि दुसरं, बाहेरून कोणी लाथा मारल्या तर हे कुलूप किती टिकेल? चोराबिराचं म्हणतेय मी.

रुपालीची बोटं पेन्सिलीने काळी झाली होती, साबणाने निघेनात. संध्याकाळी हितेंद्रने विचारलं, कोणाला लिहीत होतीस. मी म्हटलं शब्दकोडं सोडवत होती. तेव्हापासून तिची दाढ दुखतेय. गाल सुजला आणि काल दाढ आपसूक पडलीच. गरम पाण्याच्या गुळण्या चालल्यात.

कडीचं विचारलंस. स्क्रू लाकडासकट निघालेत. हातभर लांब ढलपा फाटून घरात जमिनीवर पडला होता. वाळवी असेल.

हितेंद्रबद्दल भलतंसलतं मनात आणू नकोस. तो पीत नाही, पान खात नाही. मंडळात त्याच्याशिवाय पान हलत नाही. गणपतीच्या रांगेत म्हाताऱ्यांना हात धरून पुढे नेतो. मला अजून एका शब्दाने दुखावलेलं नाही त्याने.

सुभा


कणकवली
२७ फेब्रुवारी

सुभा,

वाळवी लागलेलं लाकूड पिठासारखं गळतं. त्याचा हातभर ढलपा निघत नाही. ढलपा घरात पडला म्हणजे लाथ बाहेरून बसली आणि तेव्हा कडी आतून लावलेली होती. लालबागच्या गॅलरीत सगळ्यांसमोर लाथा मारणारा चोर मी तरी पाहिलेला नाही.

आपली मोरी पाट ठेवला की भरते. तिथे माणूस घसरला तरी खांदा निखळेल एवढी जागा नाही. आणि तरण्या पोरीची दाढ आपसूक पडत नाही. मला ऐकू येत नाही सुभा, पण वाचता येतं. हितू तिला मारतो. तुलाही मारतो का, ते लिही. मी आधीच्या पत्रात थट्टा केली ती मला आता खायला उठलीय.

दाराचं ऐक. वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून दुप्पट लांबीचे घाल, ते भिंतीतल्या लाकडापर्यंत गेले पाहिजेत. घालताना दाराखाली पाचर मारून दार उचलून ठेव. खटका ज्यात जातो त्या चौकटीवरच्या पट्टीलाही तसेच लांब स्क्रू. ते कुलूप मी दंगलीसाठी बसवलं होतं. लाकूड फाटेल, पण ते सुटायचं नाही.

मी हितूला वेगळं पत्र टाकलंय, घरच्या पत्त्यावर. जावळाला तो माझ्या मांडीवर बसला होता. मामाचा शब्द तो मोडायचा नाही. स्वच्छ लिहिलंय की बायकोवर हात टाकलास, तिचा खांदा काढलास, दात पाडलास, हे मला कळलंय. आणि तुझ्या आईला मी कुलूप दुरुस्त करायला शिकवलंय, तिने दार लावून घेतलं तर बाहेर उभा राहा आणि आपण काय करतो त्याचा विचार कर. थोडी शरम असेल तर एवढं पुरेल.

अण्णा


लालबाग
७ मार्च

अण्णा,

तू काय केलंस हे.

शनिवारी तुझं पत्र आलं. गावचं पत्र दारात उभं राहून मोठ्याने वाचायचं ही आपल्या घरची रीत, बाबांनी पाडलेली. आज गावाहून पत्रंच येत नाहीत म्हणून लोकांना त्याचं जास्तच अप्रूप. हितेंद्रने पाकीट फोडलं आणि दारात उभा राहून वाचायला लागला. गॅलरीतली माणसं कठड्याला टेकून ऐकत होती. त्याने एक ओळ गाळली नाही. खांदा वाचला, दात वाचला, ‘थोडी शरम असेल तर’ हेही वाचलं, तुझा आवाज काढून, हसत. मग पत्राची घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाला, मामांचं वय झालं. एकेक करून सगळे आपापल्या घरात गेले. कमलने टीव्हीचा आवाज वाढवला.

मी कांदाभजी तळत होते. त्याने दार नुसतं लोटलं. देवाच्या फोटोमागून किल्ली काढली, कुलपात घातली, दोनदा फिरवून बघितली. मस्त झालंय की, म्हणाला. मग कढईतून तेलाचा डाव भरला आणि किल्लीच्या भोकात ओतला. धूर आला. “मामा म्हणतात तेल घालायचं नाही. बघूया काय होतं ते.”

दुसरा डाव भरला आणि रुपालीला विचारलं, पेन्सिल कुठल्या हाताने किसलीस. मी म्हटलं, मी किसली. तर मला म्हणतो कसा, तू आई आहेस, तू मध्ये पडू नकोस. तिचा हात ओट्यावर दाबून धरला आणि सावकाश ओतलं. जिलबी सोडताना धार धरतो ना आपण, तसं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही. कातडी मोज्यासारखी सुटली. मी त्याच्या दंडाला चावले, अण्णा. माझ्या पोटच्या पोराला मी कुत्र्यासारखी चावले. त्याने मला झटकलं ती मी पाट्यावर जाऊन पडले. कपाळाला टाके पडलेत. मला मारतो का असं विचारलं होतंस. शनिवारपर्यंत मारत नव्हता.

आता लपवून काय उपयोग. कडी तुटली तेव्हा रुपाली दाराला पाठ लावून उभी होती. दार तिच्यासकट आत आलं. मग त्याने तिला हाताला धरून दारामागून फरपटत काढलं, तेव्हा खांदा गेला. कारण विचारशील तर आमटीत मीठ. दाढेचं कारण तुला ठाऊकच आहे, आपली पेन्सिल. एकदा ती माहेरी भायखळ्याला पळून गेली होती. तिच्या भावांनी हितेंद्रचं गोड बोलणं ऐकलं आणि संध्याकाळी तिला परत आणून सोडलं, वर पेढे दिले. हॉस्पिटलात ती म्हणाली तेल सांडलं. तो तिच्या मागेच उभा होता. तिचा फोन त्याच्या खिशात असतो. मी म्हटलं आपण दोघी निघून जाऊ. ती म्हणते, तो लॅबच्या दारात येऊन उभा राहील, गावाला येऊन उभा राहील. आणि खोली माझ्या नावावर आहे, मी कशाला जायचं? जायचं त्याने.

किल्ली त्याने स्वतःच्या हाताने परत फोटोमागे ठेवली. कुलूप मेलं अशी त्याची खात्री आहे. पेन्सिलीच्या पुडीत तेल जाऊन आत काळा दगड झालाय, किल्ली टोकालाच अडते.

शरमून बसायला तुला वेळ नाही. हे नीट होईल का, तेवढं लिही. पुढच्या वेळी तो तिला जिवंत ठेवणार नाही. मला त्याचं तोंड बघून कळतं.

सुभा


कणकवली
१४ मार्च

सुभा,

तुझी पहिली ओळ मी रोज वाचतो. त्यावर बोलायला तोंड नाही, म्हणून कामाचं लिहितो. उठता येत असतं तर पत्र लिहीत बसलो नसतो.

नीट होईल. पण भोकातून आता काही होणार नाही, कुलूप दारातून काढावं लागेल. तो ऑफिसला गेला की काढ आणि यायच्या आत परत बसव. शिवाला सांग. त्याने टीव्ही ऐकला असेल, पण तो माणूस वाईट नाही. पेटीचे स्क्रू काढून ती वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. झाकण उघडताना हात वर धरा, आतली स्प्रिंग उडते. आत एकावर एक पितळी पट्ट्या आहेत. ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर मांडा. एक जरी उलटी बसली तर सगळं फुकट. जुन्या टूथब्रशने प्रत्येक पट्टी पेट्रोलमध्ये घासा, कोरडी करा, पेन्सिलीची पूड बोटाने चोळा आणि त्याच क्रमाने परत. बिजागरीचं आणि पट्टीचं काम त्याच दिवशी उरका. नवे स्क्रू चमकतात, त्यांना काजळी फासा.

पोलिसांना फोन कोणी करायचा ते कमलशी आधीच ठरवून ठेव. दार लागलं की तिने फोन करायचा, विचार करत बसायचं नाही.

आता शेवटचं. नीट झालेलं कुलूप लहान मूलही उघडतं. त्याला तुझी दोन बोटं पुरतील. सुरुवातीला तो लाथा मारेल, त्या तुला सोसतील. मग तो आई म्हणून हाक मारेल. मी त्याला मांडीवर घेतलंय, मला माहीत आहे तो कशी हाक मारतो. म्हणून किल्ली तुझ्याकडे ठेवू नकोस. रुपालीकडे दे.

अण्णा


लालबाग
३ एप्रिल

अण्णामामा,

नमस्कार करते. अक्षर माझं आहे, रुपालीचं. सांगतायत आई, त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. माझी बोटं अजून नीट मिटत नाहीत, त्यामुळे अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या. इथून पुढे आईंचे शब्द.

अण्णा, कुलूप चाललं.

मी कमलकडे गेले आणि तिच्या टीव्हीसमोर उभी राहून सगळं सांगितलं. कमल रडायला लागली. शिवा उठला आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागला. एका दुपारी आम्ही कुलपाचं पोट फाडलं. पट्ट्या तू सांगितल्यास तशा मांडल्या. स्प्रिंग तरीही उडाली आणि कमलच्या पिठाच्या डब्यात सापडली. चार वाजता दार परत जागेवर. मी करंगळीने दार लोटलं, दोन बोटांनी किल्ली फिरवली आणि टक्. शिवाने बाहेरून धडका देऊन बघितलं. त्याचा खांदा दुखला, दार हललं नाही.

परवाच्या रविवारी तो मंडळाच्या मीटिंगला खाली गेला होता. रुपालीचा फोन त्याच्याकडेच. त्यावर लॅबमधून तिच्या साहेबांचा फोन आला, कामावर कधी येणार म्हणून. त्याने साहेबांना काय सांगितलं देव जाणे, पण जिन्यावर त्याची पावलं वाजली आणि रुपाली पांढरी पडली. आम्हाला त्याच्या पावलांवरून कळतं. मी दार लोटलं आणि किल्ली फिरवली. भरदुपारी आपल्या घराचं दार बंद. समोर कठड्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या.

त्याने आधी ढकलून बघितलं. मग हसला. मग लाथा. अण्णा, चौकटीचा गिलावा माझ्या डोक्यावर पडत होता. खालची फळी तडकली, त्यातून त्याचा बूट दिसायला लागला. तो रुपालीला जे काय म्हणत होता ते मी हिला लिहायला सांगणार नाही. मंडळाचा बाक आणून त्याने तो दारावर घातला. फळी फुटत होती, पण तुझं कुलूप हललं नाही. घरात असतं तर हे सगळं तिच्या अंगावर पडलं असतं. आज ते गॅलरीत होतं, सगळ्यांच्या दारासमोर. घरातलं मारणं त्यांना आमच्या घरचं वाटायचं. हे त्यांना तसं वाटेना.

मग तो थांबला. दाराशेजारच्या खिडकीखाली बसल्याचा आवाज आला. आणि म्हणाला, “आई, तहान लागलीय गं.”

तू लिहिलं होतंस. तरी त्या आवाजाने माझं काळीज हललं. किल्लीला मी हात लावला नाही, किल्लीपाशी रुपाली उभी होती. पण पाणी द्यायला काय, खिडकीला गज आहेत. मी पेला भरला आणि गजांतून हात बाहेर काढला.

त्याने पेला घेतला नाही, मनगट धरलं. गजावर आडवं घालून पिरगाळलं आणि आत बघून म्हणाला, रुपाली, किल्ली फिरव, नाहीतर हिचा हात तोडतो. तिने किल्लीला हात घातला. मी म्हटलं, “हात काढ. हात माझा आहे, मी बघते.” तिने काढला. मग त्याने माझा हात मोडला. आवाज मलाही ऐकू आला आणि कठड्यावरच्या बायकांनाही. हाड बाहेर आलेलं बघूनसुद्धा त्याने सोडलं नाही, उलट ओढलं.

तेव्हा शिवा आला. आणि मग बाकीचे. आधी सोडवायला आले, आणि मग त्यांनाच थांबता येईना. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं सगळं त्यांनी त्या पाच मिनिटांत बाहेर काढलं. बाकाचा पाय, बादली, जे हाताला लागेल ते. मला खिडकीतून दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. ओल्या कपड्यावर धोपटणं मारतात तसा आवाज. आणि तो हाक मारत होता, आई, आई दार उघड, हे मारतायत मला. या वेळी ती हाक खरी होती. अण्णा, तुझ्यासारखे कान माझेही गेले असते तर बरं झालं असतं.

रुपालीने माझ्यासमोर किल्ली धरली. मुद्दाम, तळहातावर. म्हणाली, “आई, तुम्हाला उघडायचं असेल तर उघडा. मी काही म्हणणार नाही.”

मी उघडलं नाही. भिंतीला टेकून खाली बसले आणि पोलिसांचा आवाज येईपर्यंत उठले नाही. कमलने फोन केला होता, विचार करत न बसता.

दार उघडलं तेव्हा गॅलरीभर रक्त होतं, थोडं त्याचं आणि थोडं माझं. पोलिसांनी विचारलं, आधीचं काही माहीत होतं का कोणाला. सगळे आपापल्या दाराकडे बघायला लागले. मग कमल म्हणाली, आम्हाला सगळं माहीत होतं, मामांचं पत्र त्याने स्वतः आम्हाला वाचून दाखवलं होतं. तिच्यामागून शिवा बोलला आणि मग एकेक जण बोलायला लागला. म्हणजे तुझ्या पत्राने केलेलं नुकसान तुझ्याच पत्राने थोडं भरून दिलं. तू रोज वाचतोस ती ओळ आता खोडून टाक.

त्याला हॉस्पिटलातून कोठडीत नेलंय. शुक्रवारी जामिनाचं आहे. शिवा म्हणतो, मिळेल बहुतेक.

आईंचं सांगून संपलं. खालचं माझं आहे, त्यांना वाचून दाखवलेलं नाही.

मामा, आई रडत नाहीत. जेवतात, माझ्या हाताला मलम लावतात, एका हाताने माझी वेणी घालायला बघतात. आणि येईल त्याला विचारतात, त्याच्या डोक्याला किती टाके पडले. कोणी सांगत नाही. मग त्या उठतात, दार लोटतात आणि डाव्या हाताने किल्ली फिरवतात, दोन बोटांनी. लागतं. परत फिरवतात, उघडतं. असं दिवसातून कितीदा तरी. शेवटी एकदा लावतात, किल्ली काढतात आणि माझ्या हातात देतात.

तुमची
रुपाली